दुपारचे निरोप

एवेलियोदादा,

मार्चमध्ये आई तापानं फणफणली होती. मी रेडिओ केंद्रावर निघाले, तेव्हा म्हणाली, "दुपारच्या निरोपांत एवेलियोला सांग, मी बरी आहे, डोंगरावरून खाली येऊ नकोस. पुलावर शिपाई बसलेत गं, त्याला सोडायचे नाहीत."

मी माइकवर वाचलं, "एवेलियोसाठी निरोप. आई आजारी आहे, लगेच ये."

एकटीनं तिचं करून मी थकले होते, दादा. शिपाई तासभर चौकशी करून सोडतील, असं मला वाटलं.

पुलावर त्यांनी तुला ट्रकमध्ये चढवलं. मक्याच्या तोर्तिया विकणाऱ्या हासिंतानं पाहिलं आणि मलाच येऊन सांगितलं. छावणीत तीनदा जाऊन आले. या नावाचा कुणी आणलाच नाही, म्हणतात.

आई त्या दुपारी ग्लानीत होती, तिनं माझं वाचणं ऐकलंच नाही. आता बरी आहे. काल तोर्तिया भाजताना म्हणाली, "गुणाचं पोर माझं. येऊ नको म्हणाले, तर आलं नाही."

मी मान हलवली.

रोज दुपारी ती रेडिओ लावून बसते. म्हणून मी रोज वाचते, "एवेलियोसाठी निरोप. आई बरी आहे. येऊ नकोस."

तुझी,
निकोलासा