दोन बोटं

स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया
ऑक्टोबर १९८१

मिस्टर प्रुइट,

फोनवर मी तुम्हाला एका शब्दात 'नाही' म्हटलं. उरलेलं इथे लिहिते. टपालात टाकणार नाही.

"अगं व्हर्ना, रविवारच्या सामन्याच्या मध्यंतरात तुझ्या एमिलने मैदानावर उभं राहून नुसता हात हलवायचाय. बोलायला आम्ही आहोत ना!" असं तुम्ही म्हणालात. हे घर कुणाचं, ते एमिलला रोज सकाळी सांगावं लागतं. त्याला जुनी जर्सी चढवून चाळीस हजार लोकांपुढे उभं करणार?

तुम्ही त्याच्या फुटबॉल संघाचे मलमपट्टीवाले. डोक्याला मार बसून तो बाहेर आला, की तुम्ही बोटं धरून विचारायचात, "किती?"

"दोन."

"शाब्बास! पळ परत."

सामन्यानंतर जेवताना तो मला तुमच्याबद्दल हसत सांगायचा, "गस नेहमी दोनच धरतो गं. आंधळासुद्धा पास होईल!"

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकलेली बाई, आणि मीही हसायचे. नऊ हंगाम हसले. माझा दोष मी पत्करला आहे. तुमचा तुम्ही पत्करा, पण त्यासाठी माझा नवरा मागू नका.

रविवारी लोकांनी त्याच्या नावाने खुशाल ओरडावं. तो माझ्यासमोर बटाटे सोलत बसलेला असेल. त्याच्या हातात सुरी देऊ नका, असं डॉक्टर म्हणतात. मी देते. अजूनही त्याच्या हातून साल अखंड निघते, आणि तो ती उंच धरून मला दाखवतो. टाळ्या वाजवायला मी एकटी पुरे आहे.

व्हर्ना हुडाक