तिसऱ्या खोलीचं वायरिंग

बाबा, तिसरी खोली आज पुन्हा भाड्याने गेली. नवरा-बायको आले होते बघायला. त्याने नळ सोडून पाहिला, तिने खिडकी उघडून पाहिली, आणि मी भिंतीवरच्या बोर्डाकडे बघत उभी राहिले. आधी इथे कोण राहत होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

या खोल्या तुम्ही पाहिल्याच नाहीत, त्याआधीच गेलात. तुमचे जावई गेल्यावर जे हातात आलं, त्यातून मी वाशीमला स्टेशनच्या पलीकडे प्लॉट घेतला आणि ओळीने चार खोल्या बांधल्या. वर टिनं, मागे सामाईक संडास. हमाल, बांधकामावरचे मजूर यांना परवडतील अशा. नळाचा वायसर मी बदलते, फ्यूज मी बांधते, टिन गळलं तर शिडी लावून मीच चढते. ‘या बाईले मिस्त्री लागत नाही,’ असं गल्लीत म्हणतात. ते ऐकायला मला फार आवडायचं. चारही खोल्यांचं वायरिंगसुद्धा मीच केलं होतं, तुमच्या सायकलमागे बसून घरोघरी वायरिंगच्या कामाला येत जे शिकले त्याच्या भरवशावर.

एकोणीस वर्षांची होते मी तेव्हा. एका डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात मिक्सरसाठी प्लग बसवायचा होता. अर्थिंगची हिरवी वायर हातभर कमी पडली, म्हणून मी ती न जोडताच झाकण लावलं. तुम्ही ओट्यापाशी आलात, स्क्रू काढलेत आणि डॉक्टरीणबाईंसमोर मला विचारलंत, “हे वरचं भोक शोभेले ठेवलं काय?” मला रडू आलं. बाईंनी मध्ये पडून म्हटलं, जाऊ द्या हो, पोर आहे. तुम्ही म्हणालात, “करंटले काय माहीत पोर हाय म्हणून?” मग वायर आणायला मला भर उन्हात बाजारात पाठवलंत. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली, तुम्ही पक्कड दिली. सासरी हसले होते.

आणि तरी मी तेच केलं, बाबा. अर्थिंगसाठी खड्डा खोदायचा, प्लेट पुरायची, मीठ-कोळसा भरायचा, हे सगळं पावसाळा झाला की करू म्हटलं. भाडेकरू सामान घेऊन दारात उभे होते. मी दोनच तारा ओढल्या. नंतर तीन पावसाळे गेले.

तिसऱ्या खोलीत आसेगावकडचं जोडपं होतं, सहा वर्षांची मुलगी होती. तो बाजारात हमाली करायचा, ती चार घरची धुणीभांडी. उन्हाळ्यात टिनाखाली पोरीच्या अंगावर घामोळ्या उठल्या, तेव्हा त्यांनी जुना पत्र्याचा कूलर आणला. आठवड्याने ती माझ्याकडे आली. “काकू, कूलर झटका देऊन राह्यला जी.” मी कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला. मंद, पण लागला. मला त्याच क्षणी कळलं, कशामुळे ते. मी तिला म्हटलं, “बटन बंद करून पाणी भरत जा. पायात चप्पल घाल.” ती मान हलवून गेली.

मे महिना. दुपारचे दोन वाजले असतील. पहिल्या खोलीतली बाई धावत येते, “काकू, ते कूलरले चिकटली!” मी पळत जाऊन मेन स्विच पाडते. ती जमिनीवर पडलेली, हातात पाण्याचा पाइप, फरशीभर पाणी. पायात चप्पल नाही. मुलगी पलंगावर उभी आहे आणि रडतसुद्धा नाही. ऑटोत मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त तिचे डोळे उघडून पाहिले.

तो बाजारातून आला तो पोत्यांची धूळ अंगावर घेऊन. पोलिसाने विचारलं, वायरिंग कोणी केलं? मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. “साहेब, घरमालकीणबाईचा काही दोष नाही. कूलरच्या मोटारची वायर म्याच जोडली होती. टेप नीट गुंडाळली नाही म्या.” मग माझ्याकडे वळून हात जोडले. “काकू, माझ्यापाई तुमच्या घराले बट्टा लागला.” पोलिसाने लिहून घेतलं. मी खाली सही केली.

तेरावं झाल्यावर मी खड्डा खोदायला घेतला. तो बाहेर आला, माझ्या हातातून सब्बल घेतली आणि स्वतः खोदू लागला. कमरेइतकं खोल गेल्यावर त्याने विचारलं, “हे कायले असते काकू?”

“करंट जमिनीत जाते. माणसाले लागत नाही.”

तो थांबला. “हे पह्यले असतं, तर ते वाचली असती काय?”

बाबा, मला उत्तर माहीत होतं. तुम्हीच शिकवलेलं. मी म्हटलं, “तसं काही सांगता येत नाही रे.” त्याने मान डोलावली आणि पुन्हा सब्बल मारली.

महिनाअखेरीला तो पोरीला घेऊन गावी गेला. गेल्या दिवाळीत मी बस धरून आसेगावला गेले, सांगायचं ठरवून. अंगणात त्याने खाट टाकली, चहा केला. शेजाऱ्यांना म्हणाला, “ह्या त्या काकू. हिच्या मायले यायनंच दवाखान्यात नेलं होतं.” पोरगी माझ्या पाया पडली. घरात कंदील होता. वीज दारापर्यंत आली होती, पण त्याने मीटर घेतलं नव्हतं. म्हणाला, “मले भरवसा नाही राह्यला माझ्या हाताचा.” मी चहा प्यायले आणि परतीची बस धरली.

आता चारही खोल्यांत हिरवी वायर आहे. त्याने मागचं काही बदलत नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुम्हाला पत्ता नाही म्हणून नव्हे. सकाळी लिहायला बसले तेव्हा पहिल्या ओळीत मी त्या पोरीच्या बापाचं नाव लिहिलं होतं. त्याच्यापुढे एक शब्द सुचेना, तेव्हा तो कागद फाडला आणि नव्या कागदावर लिहिलं, बाबा. तुम्ही उत्तर देणार नाही, एवढ्यासाठीच.