चिहारू, यंदा येऊ नकोस

सागाए,
२६ ऑक्टोबर

प्रिय चिहारू,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि आज रविवार उजाडला. उत्तर नाही म्हणून काळजी करत बसली असशील. तसं काही नाही, आम्ही दोघं बरे आहोत. इकडे थंडी यंदा लवकर आली. लोणच्याचे मुळे धुऊन पडवीत टांगले. दरवर्षी पन्नास-साठ असतात, यंदा चाळीसच केले. ह्यांची कंबर त्यांना शिडीवर चढू देत नाही आणि मी चढले की हे खालून ओरडतात, "अगं उतर! दोघंही पडलो तर लोणचं कोण खाईल?" सेंदाईला तुझ्या खोलीत हीटर नीट चालतोय ना? गेल्या वर्षी त्याचा वास येत होता म्हणाली होतीस.

ओकुमुरांनी तुला लग्नाचं विचारलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय, आणि तू लिहितेस, "आई, तुम्ही म्हणाल तसं करीन." येते मी त्याकडे. आधी शिन्गोच्या शोधाच्या पत्रकाचं सांगते.

यंदाचा मजकूर मीच लिहिला. "शिन्गो मिनेगिशी. दैनिकाचा बातमीदार. सात वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेआठला बंदराकडे गेला. गाडी धक्क्यापाशी सापडली, नीट कुलूप लावलेली. पुढच्या सीटवर टिपणवही. त्यानंतर त्याला कोणी पाहिलेलं नाही." एवढंच. सात वर्षांत एक ओळसुद्धा वाढली नाही. ह्यांनी वाचून विचारलं, "वय कुठलं घालणार? तेव्हाचं की आत्ताचं?"

"सव्वीस," मी म्हटलं.

"मग लोक सव्वीस वर्षांचा पोरगा शोधतील. तो आता तेहतीसचा आहे. टक्कलही पडायला लागलं असेल, आपल्या घराण्यात लवकर पडतं."

दोघंही हसलो. शेवटी दोन्ही वयं घातली.

फोटो तोच, तुमचं दोघांचं लग्न ठरलं त्या दिवशीचा, देवळाच्या पायऱ्यांवरचा. तुला आठवतं, त्याच्या कडेला तुझा निळ्या स्वेटरमधला खांदा येतो, अर्धा कापलेला. इतकी वर्षं दर नोव्हेंबरात आपण स्टेशनवर तो खांदाही वाटत आलो. यंदा छापखान्यातल्या बाईला सांगून मी तो काढून टाकायला लावला. पत्रकं टिश्यूच्या पाकिटांत घालून झाली, पाचशे. ही युक्ती तुझीच. नुसता कागद कोणी हातात घेत नव्हतं, टिश्यू मात्र सगळे घेतात. शिंका येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खिशात शिन्गो पोचेल, असं तू म्हणाली होतीस आणि त्या वर्षात मी पहिल्यांदा हसले होते.

त्याचं ताट अजून रोज वाढते. परगावी गेलेल्या माणसाचं वाढतात तसंच, जेवणाच्या टेबलावर, त्याच्या जागेवर. गेलेल्यांसाठी ठेवतात तसं देव्हाऱ्यापुढे नाही. वाटीचं झाकण काढलं आणि आतून पाण्याचे थेंब दिसले की माणूस सुखरूप आहे असं माझी आजी सांगायची. हे मला चिडवतात, "गरम भातावर झाकण ठेवलं की पाणी धरणारच. त्यात पोराचं काय कर्तृत्व?" पण ऑगस्टमध्ये मी तापाने झोपून होते, तेव्हा ह्यांनीच ताट वाढलं आणि दारातून मला सांगितलं, "धरलंय बरं का पाणी." म्हातारा वरून कितीही शहाणपणा करो.

बघ, अजून मी त्या गोष्टीकडे आलेच नाही. चार दिवस हेच चाललंय. दोन कागद लिहून फाडले.

ओकुमुरांबद्दल तू भीत भीत लिहिलंयस, जणू मी त्यांना ओळखतच नाही. गेल्या नोव्हेंबरात ते आपल्याबरोबर उभे होते ना, दीड तास, पावसात. गुरांचा डॉक्टर, एवढा उंच माणूस, पण शाळकरी मुलींनाही वाकून पाकीट देत होता. मला माणूस फार आवडला. आवडला म्हणूनच त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही. चहा दिला तोही सगळ्यांच्या शेवटी. तू हे पाहिलंस आणि काहीच बोलली नाहीस, याची मला अजून लाज वाटते.

आता लिहितेच. तुझ्या पत्रात शेवटी आहे, "त्या फोनचं मनातून जात नाही, आई. तो कुठेतरी असेल आणि मी लग्न केलेलं असेल, तर?"

चिहारू, तो फोन आला नव्हता.

चार वर्षांपूर्वी, पाकिटं वाटून झाल्यावर आपण स्टेशनसमोर सोबा नूडल्स खायला बसलो होतो. तू म्हणालीस की पार दक्षिणेला, फुकुओकाला बदली होतेय, पुढच्या वर्षी बहुतेक जमणार नाही. मला तुझी मान दिसत होती, खाली घातलेली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "परवा दुपारी फोन वाजला. पलीकडून कोणी बोललं नाही. पण घसा खाकरला, तो त्याचाच." मी ठरवून बोलले नव्हते. पण तू वाटी खाली ठेवून माझा हात धरलास, तेव्हा "अगं, नाही" म्हणायला भरपूर वेळ होता. मी म्हटलं नाही. तू बदली नाकारलीस. मी तुला पुन्हा पुन्हा सांगत गेले, दरवेळी थोडं जास्त. खाकरण्याच्या मागे समुद्राचा आवाज येत होता, हे मी दुसऱ्या वर्षी घातलं.

तू आली नाहीस तर स्टेशनवर मी एकटी पडेन, एवढंच त्यामागे होतं. मोठं काही नाही. एका म्हातारीच्या भीतीपायी तुझी चार वर्षं गेली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासूनची. याला माफी मागता येत नाही, तरी मागते.

काल ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता हे मला घराबाहेर काढतील. हे नखं कापत होते. वर न बघता म्हणाले, "माहीत आहे मला. त्या आठवड्यात मी सर्दीने घरीच होतो. फोन वाजला नाही."

"मग चार वर्षं गप्प का बसलात?"

"तू पुन्हा जेवायला लागली होतीस," ते म्हणाले.

तो कुठे आहे, आहे की नाही, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे, म्हणजे काहीच नाही. तो परत आला तर ती आमची गोष्ट, तू कोणाची गुन्हेगार ठरणार नाहीस. ओकुमुरांना हो म्हण. आजच म्हण, महिनाअखेरची वाट बघू नकोस. आणि रविवारी येऊ नकोस. पाचशे पाकिटं आम्ही दोघं वाटू, हे खुर्ची घेऊन बसतील.

आणखी एक. सुरुवातीला मला माहीत होतं की ते खोटं आहे. पण पुढे पुढे मला तो फोन खरंच आठवायला लागला. मी चादरी वाळत घालत होते, ओल्या हातांनी धावत आले, अगदी स्पष्ट. रात्री झोप त्याच्याच आधाराने लागायची. आता तुला लिहून टाकलं, आणि माझ्याकडेही तो उरला नाही.

लग्न थाटात कर. आमचे आशीर्वाद आहेत, मनापासून आहेत. पण मला बोलावू नकोस, पोरी. मी तिथे बसून तुझ्याकडे बघायचं सोडून दाराकडे बघत राहीन.

शिन्गोची आई,
हिसानो