ओसाड गावाची शीळ

॥ श्री ॥

पुणे,
१७ नोव्हेंबर २००२

ती. मालिनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू बरी आहेस असं मी धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. भाऊबीजेला बाबांनी तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा तू उचललास आणि लाइनमध्ये खरखर आहे, पत्र लिही, असं सांगून ठेवून दिलास.  मालूला आता आमचा कंटाळा आलाय, बाबा म्हणाले. मी म्हटलं, तिला सगळ्या जगाचाच आलाय, आपण कोण मोठे लागून गेलो!

आता काम सांगतो. मी ज्या संगणकाच्या मासिकात आहे तिथे 'व्हेलमार' नावाचा एक परदेशी गेम आलाय. तू समजतेस तसा नुसत्या ढिशुम-ढिशुमचा नाही. यात खेळणारा एका पात्राच्या अंगात शिरतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, लोकांची कामं अंगावर घेतो. चाळीस-पन्नास तास चालतो म्हणे. याचं संगीत अर्धं खऱ्या वाद्यवृंदाने वाजवलंय आणि अर्धं सिंथेसायझरवर केलंय. त्या संगीतावर स्वतंत्र लेख हवाय. आमच्या ऑफिसात सगळ्यांची गाडी 'भारी आहे यार'च्या पुढे जात नाही. मी संपादकांना छातीठोक सांगून बसलोय की माझी आत्या बावीस वर्षं नाशिकच्या दैनिकात गाण्यावर लिहिते आणि तिच्या कानातून सूर सुटत नाही.

तुझ्याकडे तो जुना टेपच आहे, म्हणून सीडीवरून कॅसेट भरून पाठवतोय. बारा तुकडे आहेत. कुठल्या वेळी पडद्यावर काय चाललेलं असतं तेही चिठ्ठीत लिहिलंय. दिंडोरीहून अण्णाआजोबा तुला पत्रातून बंदिशी पाठवायचे, मी कॅसेट पाठवतोय. घराणं पुढे गेलं म्हणायचं.

नाही म्हणू नकोस, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

रागावून का होईना, पण लोभ असू दे.

तुझा,
मयुरेश

~

॥ श्री ॥

नाशिक,
८ डिसेंबर २००२

चि. मयुरेशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. मला न विचारता माझ्या कानाची जाहिरात करायला तुला कोणी सांगितलं होतं? आगाऊ कुठला. दादाला म्हणावं, कंटाळा बिंटाळा काही नाही. थकले मात्र आहे. बावीस वर्षांत गाण्यापेक्षा दीपप्रज्वलनंच जास्त बघितली मी. पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत तबला उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण लिहायचं की मैफल रंगली. संक्रांतीनंतर सदर बंद करते म्हणून दैनिकाला कळवून टाकलंय. गाण्याचा क्लासही आता सविताच बघते बराचसा. सविता म्हणजे माझी सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, तू तिच्या डब्यातली पोळी खायचास ती.

घरात सगळ्याच वस्तू म्हाताऱ्या झाल्यात. टेलिफोनची खरखर आहेच, आता कुकर बिघडला. शिट्टीच देत नाही मेला. परवा डाळीचा कोळसा झाला. सिंधुबाई मागच्या अंगणात धुणं धूत होती, ती पळत आली आणि ओरडली की बाई, लय जळतंय, सात शिट्ट्या झाल्या, तुमचं ध्यान कुठं हाय. सात कुठल्या? तिला बोलायला काही लागत नाही.

असो. तुझा मजकूर खाली देते. काटछाट करायची ती मला विचारून कर.

'या संगीताचे पहिले चार तुकडे म्हणजे वरातीचा बँड आहे. नायक घराबाहेर पडला की तुताऱ्या, घरी परतला की तुताऱ्या. तो कोथिंबीर आणायला गेला तरी बहुधा तुताऱ्याच वाजत असतील. पाचव्या तुकड्यात मोठी लढाई आहे. तिथे मात्र त्या तुताऱ्या माणसांनी वाजवल्या आहेत हे कळतं आणि बरं वाटतं. तिसऱ्या आवर्तनाला वाजवणाऱ्यांचा दम किंचित उतरतो, चौथ्याच्या आधी ते छाती भरून घेतात. यंत्राला दम लागत नाही, त्यामुळे त्याच्या लढाईत कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटत नाही. सहाव्यातली व्हायोलिनं सिंथेसायझरची आहेत. गज परत फिरताना जो बारीक सांधा लागतो तो त्यांत कुठेही नाही.

'सातवा तुकडा ओसाड गावाचा. गाव जळून गेलं आहे आणि नायक त्यातून एकटा चालतो आहे. इथे संगीतकाराने कमाल केली आहे. खाली एकच चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन, अगदी सावकाश, आणि वर काहीही नाही. वरचं सप्तक संपूर्ण रिकामं सोडलं आहे. घरांवर छप्परं उरली नाहीत, तसं गाण्यावरही छप्पर ठेवलेलं नाही. हातात इतकी वाद्यं असताना गप्प बसायला धैर्य लागतं.'

पुढचं आठ ते बारा वेगळ्या कागदावर आहे. पण खरं सांगू, हा सातवा मी चार वेळा ऐकला. या वर्षात मला पुन्हा ऐकावंसं वाटलेलं हे एवढंच.

थंडीत कानटोपी घालत जा. या म्हातारीवर माया राहू दे.

तुझी आत्या,
मालिनी

~

॥ श्री ॥

पुणे,
१५ डिसेंबर २००२

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मजकूर पोचला. कोथिंबिरीवर संपादक इतके हसले की चहा सांडला. दम उतरण्याचं वाचून आम्ही सगळ्यांनी पाचवा पुन्हा लावला. खरंच उतरतो! महिनाभर गेम खेळून एकालाही कळलं नव्हतं.

एक किरकोळ गोष्ट आहे. खरं तर दोन दिवस हे पत्र लिहू की नको करत होतो. सातव्या तुकड्यात वर एक शीळ आहे. सिंथेसायझरची आहे, काचेवर नख फिरवावं तशी बारीक, आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आहे. या गेमची ती ओळखच झालीये. ऑफिसात जो तो तीच वाजवत हिंडतो. वर काही नाही असं छापलं तर वाचक आपल्याला फाडून खातील.

चूक माझीच असणार. कॅसेट जुनी होती, घाईत भरली. बारीक आवाज तिच्यावर उतरलाच नसेल. तू फक्त तेवढा भाग बदलून पाठव, किंवा मला सांग, मी बदलतो. कोणाला काही कळायचं कारण नाही.

आत्या, कुकर दुरुस्त झाला का?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
मयुरेश

~

॥ श्री ॥

नाशिक,
२२ डिसेंबर २००२

चि. मयुरेशास,
अनेक आशीर्वाद.

कॅसेटवर खापर फोडायची वाट तू मला करून दिलीस. गुणाचं पोर आहेस. मी त्या वाटेने गेलेही असते, तसं पत्र अर्धं लिहून झालं होतं. मग वाटलं, एकदा बघू या. सविताला बोलावलं आणि काही न सांगता तुझी तीच कॅसेट लावली. सातवा तुकडा सुरू झाला आणि तिचं बोट आपोआप हवेत फिरायला लागलं. वर चढायचं, थरथरायचं, खाली यायचं. मी तिच्या बोटाकडे बघत होते आणि ते कशाच्या मागे हिंडतंय ते मला ऐकू येत नव्हतं. कॅसेट चांगली आहे रे. कुकरही चांगला आहे.

दीड वर्ष झालं. आधी चिमण्या गेल्या. गंगापूर रोडला इमारती आल्या, झाडं गेली, म्हणून चिमण्या गेल्या असं सगळेच म्हणत होते, मीही म्हणत राहिले. मग फोनवरचं बोलणं गेलं. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. दादाला सांग, भाऊबीजेला तो काय बोलला ते मला कळलंच नाही. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून ठेवला. नंतर स्वयंपाकघरात बसून रडले.

उन्हाळ्यात डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी कागदावर एक रेघ काढून दिली. खालचे सूर शाबूत, वर जाईल तशी रेघ घसरत जाते. गेलेलं परत येत नाही म्हणाले. कानाला यंत्र लावता येईल, बोलणं जरा सुधारेल, पण गाणं गाण्यासारखं लागेलच असं नाही. ज्या बाईने आयुष्यभर यंत्राच्या व्हायोलिनला नावं ठेवली तिच्या कानातच यंत्र, बघ गंमत.

तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो झणकार, आता सविता लावते आणि मी मान डोलावते. गेल्या वर्षभरात मी ज्यांच्यावर लिहिलं त्यांचं वरचं गाणं मी अंदाजाने लिहिलं. हे कोणाला बोलले नव्हते. मला भीती वाटते, मयुरेश. सुराशिवाय मला दुसरं काही येत नाही. भाजीसुद्धा धड येत नाही, हे तू जाणतोसच.

तो मजकूर फाडून टाक. छापायचाच असेल तर शीळ घालून दुरुस्त कर, पण खाली माझं नाव नको. न ऐकलेल्या सुराला चांगलं म्हणून सही करायची, हे पुरे झालं आता.

आता दया नको दाखवूस, नेहमीसारखा आगाऊपणाच कर.

आत्या

~

॥ श्री ॥

पुणे,
५ जानेवारी २००३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. चष्मा पुसायला आत गेले ते पंधरा मिनिटांनी बाहेर आले. तेव्हापासून आम्हा सगळ्यांशी ओरडून बोलतायत. मालूकडे जायचंय, सराव पाहिजे म्हणे. शेजारचे विचारून गेले की घरात भांडण आहे का.

मजकूर फाडलेला नाही. तू मुंबईला होस्टेलवर असताना ना पेटी होती ना तंबोरा. अण्णा शाळेत शिकवून घरी आले की आंतरदेशीय पत्रावर स्वर लिहून पाठवायचे आणि तू खाटेवर बसून नुसती वाचायचीस. वाचलं की ऐकू यायचं, असं तूच सांगायचीस, आणि आम्ही पोरं थापा म्हणून हसायचो. मला चौथीत स्वरलिपी शिकवायला घेतलीस तेव्हा मी खिडकीतून पळालो होतो. ती पुस्तकं बाबांच्या ट्रंकेत निघाली. ऑफिसातल्या वाजवायच्या कीबोर्डवर सात दिवस बसून त्या शिळेचा एकेक सूर शोधलाय. लोकांनी मला वेड्यात काढलं.

चेलोचा पहिला सूर तो सा धरलाय. शीळ त्याच्या कितीतरी वर आहे, सगळे स्वर वरच्या सप्तकातले समज. अगदी सावकाश.

सा – रे – | ग (कोमल) – – रे | सा – – –
सा – ग (कोमल) – | प – – म | ग (कोमल) – रे –
प – म – | ग (शुद्ध) – – रे | सा – – –

दुसऱ्या ओळीतल्या प वर ती थरथरते, विझायला आलेल्या ज्योतीसारखी. तिसऱ्या ओळीत ग शुद्ध होतो, तिथे क्षणभर उजाडल्यासारखं वाटतं. एवढंच जमलं. हसू नकोस.

तुझा पळपुटा विद्यार्थी,
मयुरेश

~

॥ श्री ॥

नाशिक,
१२ जानेवारी २००३

चि. मयुरेशास,
खूप खूप आशीर्वाद. या वेळी मोजून दिलेले नाहीत.

पत्र फाटकातच फोडलं. आधी नुसतं वाचलं. मग टेप लावला, चेलो सुरू झाला आणि तुझ्या ओळींवर बोट ठेवून मीही त्याच्याबरोबर चालायला लागले. पहिल्या ओळीला काही झालं नाही, शाईच दिसत होती. दुसऱ्या ओळीत प वर पोचले आणि आली रे! बारीक, थरथरती, अगदी डोक्यावरून गेली. सिंधुबाई चहा घेऊन आली होती, तिने विचारलं की बाई, काय झालं रडायला. तिला सांगितलं, शीळ ऐकली. ती इकडेतिकडे बघायला लागली.

अण्णा गेल्यापासून मला कोणी गाणं लिहून पाठवलं नव्हतं.

आता तुझा कान धरते. तिसऱ्या ओळीत काय गाढवपणा करून ठेवलास? त्या जागी खाली चेलो कोमल गंधारावर, म्हणजे तुझ्या त्या कोमल ग वर, येऊन थांबलेला आहे. तो मला स्वच्छ ऐकू येतो, खालचं सगळं येतं. त्याच्या डोक्यावर शुद्ध ग ठेवायला तो संगीतकार वेडा नाही. तुला उजाडायला हवं होतं, म्हणून तू उजाडवलंस. गाव जळालेलं आहे, बाळा. तिथे उजाडत नाही. ग कोमल असणार. पुन्हा ऐक.

सातव्याचा नवा मजकूर असा :

'ओसाड गावाच्या तुकड्यात वर एक यंत्राची शीळ आहे. ती मी कानांनी ऐकलेली नाही, माझे कान आता तिथवर जात नाहीत. आधी मला वाटलं की वर काहीच नाही, आणि मी त्या रिकामेपणाची स्तुती लिहून बसले. मग ती शीळ मला भाच्याच्या पत्रातून आली. चेलो माणसाचा आहे आणि शीळ यंत्राची, तरी त्या जळक्या गावातून दोघं एकमेकांना धरून चालतात. एवढ्यासाठी मी या संगीतकाराच्या सगळ्या तुताऱ्या माफ करते.'

सदर बंद करतेय ते करतेच. थकवा खरा आहे, तो काही एकट्या कानांचा नाही. पण या लेखाखालच्या नावाचं तू ठरव. गंधार शुद्ध निघाला तर माझं नाव काढून टाक, मी वाईट वाटून घेणार नाही. मग मला कागदावरचंही कळेनासं झालंय असं समजेन.

तिळगूळ पाठवलाय. दादाला म्हणावं, ओरडू नकोस, समोर बसून सावकाश बोललास की मला कळतं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
आत्या

~

(पोस्टकार्ड)

पुणे,
१८ जानेवारी २००३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कोमलच आहे. कीबोर्डवर शेजारी-शेजारी वाजवून दहा वेळा ऐकलं, संपादकांना ऐकवलं, बाबांनाही ऐकवलं. आमच्यापैकी कानांनी नीट ऐकणाऱ्या एकालाही ते कळलं नव्हतं. तिळगूळ संपला. बाबा पुढच्या रविवारी नाशिकला येतायत, समोर बसून सावकाश बोलायला.

मजकूर आज छापायला गेला. खाली तुझं नाव आहे.

तुझा,
मयुरेश