नाकाला काय कळतं

१२ फेब्रुवारी

एकशे वीसपैकी एकशे नऊ!

मुलाचा श्वास पिशवीत भरायचा आणि यंत्रापुढे धरायचा. त्या यंत्राला आम्ही ‘नाक’ म्हणतो. इतक्या मुलांना न्यूमोनिया आहे की नाही, ते त्याने एक्स-रेशिवाय बरोबर ओळखलं! डोंगरातल्या गावांत एक्स-रे नाही. तिथे नाक जाईल. यंत्र मिरोनने बनवलेलं. त्याने मला प्रयोगशाळेत गरगर फिरवलं. “डॉक्टरीणबाई, सोफियातली परिषद आता आपली!” निबंध शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. आमचे विभागप्रमुख योन्चेव्ह सर, त्यांनी तर आधीच सगळीकडे सांगून टाकलंय.

इतका आनंद बरा का? असू दे!

१३ फेब्रुवारी

अकरा चुका तपासल्या. पाच मुलांना न्यूमोनिया नव्हता, तरी नाक ‘आहे’ म्हणालं. पाचांच्याही कागदावर नर्सचा एकच शेरा — ‘छातीला राकिया चोळलेली.’

उद्या घरून राकियाची बाटली आणायची, आमच्याकडची फळांची कडक दारू.

१४ फेब्रुवारी

रिकाम्या पिशवीत घरच्या राकियात भिजवलेला बोळा ठेवला. नाक म्हणालं — न्यूमोनिया!

मिरोन म्हणाला, “बाटलीला अँटिबायोटिक सुरू करा.” हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग तो हळूच म्हणाला, “हे कुणाला सांगायलाच हवं का?”

क्षणभर मलाही वाटलं, नको. लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फार साळसूद समजणार नाही. पण ज्या आजारी मुलाला दारू चोळणारी आजी नाही, त्याला हे नाक ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवील!

१५ फेब्रुवारी

सगळे कागद पुन्हा काढले. न्यूमोनियाच्या साठ मुलांपैकी चोपन्न चोळलेली. साध्या खोकल्याच्या साठांत फक्त पाच. म्हणजे आज्यांचं निदान बरोबर — एकशे वीसपैकी एकशे नऊ! नाक नुसतं आज्यांची नक्कल करत होतं.

वॉर्डात नातवाजवळ बसलेल्या रादा आजींना विचारलं. “साध्या सर्दीला कोण चांगली राकिया वाया घालवतं गं?” म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. परिषदेला निबंध देता येणार नाही, हेही. त्यांनी कागद घेऊन आकडे दोनदा वाचले. मग एवढे हसले की चष्मा काढून पुसला. “अगं, तीस वर्षं मी छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी आजीचं तोंड बघतोय. लिहायची लाज वाटली, एवढंच.”

आता नवा अभ्यास. आजीला दारातच विचारायचं, एक्स-रेच्या आधी. नंतर विचारलं तर प्रत्येकीला सगळं आधीच कळलेलं असतं! नाकालाही पहिल्यापासून शिकवायचं, छाती धुतलेल्या मुलांवर.

पाय जमिनीवर नाहीत. खोटं यश गेलं, तरी!

२ मार्च

नव्या अभ्यासाला परवानगी मिळाली!!

५ मार्च

प्रश्न ठरवायला रादा आजींकडे गेले. मी वही काढली. “आजी, कशावरून ओळखता?”

“बरगड्या आत ओढल्या जातात. पोर दूध सोडतं. हाक मारली तर मान वळवत नाही. तुम्हा शिकलेल्यांना पोराचं पोट उडताना दिसत नाही का?”

चार पानं भरली. यातलं निम्मं पुस्तकात आहे. उरलेलं निम्मं का नाही?

६ मार्च

काल वही मिटली, तसा आजींनी माझा हात धरला. “मघापासून एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाहीये तुझं.”

“आनंदाने, आजी!”

“आनंदाने ओठ निळे होत नाहीत, पोरी. ऊठ.”

एक्स-रे आला. उजवं फुप्फुस, खालचा भाग — न्यूमोनिया. वॉर्डातल्या पलंगावरून लिहितेय. नव्या अभ्यासातली पहिली नोंद माझीच — आजी बरोबर, डॉक्टर चूक.