सत्त्याऐंशीव्या पानाखाली

१३ जानेवारी, सोमवार

सत्त्याऐंशीवं पान जाड आहे!

बोटाला कळलं. शहाऐंशी उलटलं, सत्त्याऐंशी उलटायला गेले आणि अंगठा थबकला. या जुन्या पुस्तकाचे मालक, मिस्टर प्रोबर्ट, दारातच उभे होते, म्हणून चेहरा होता तसाच ठेवला. "एव्हरीथिंग ऑलराइट?" — "येस, मिस्टर प्रोबर्ट." तीन वर्षांत या घरात मी याहून वेगळं काही बोलल्याचं आठवत नाही.

खोलीला खिडकी नाही. हवा मोजून आत सोडलेली, दार कार्डाशिवाय उघडत नाही. पुस्तकाच्या तब्येतीसाठी आहे हे सगळं. माझ्या तब्येतीचं कुणी विचारलेलं नाही.

१४ जानेवारी

उजेडाची पातळ पाटी पानाखाली सरकवली. वंशावळीच्या मागे दुसरं लिखाण आहे! एका पानावर दुसरं पान चिकटवलंय. कडेकडेनं, अगदी सफाईनं.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. हे पुस्तक चारशे वर्षांपूर्वी वेल्समध्ये ह्यू नावाच्या माणसानं हातानं लिहिलं. शेजाऱ्याशी जमिनीवरून भांडण झालं आणि तो कैदेत गेला. तिथं बसून सहा वर्षं जुनी पुस्तकं उतरवून काढत होता. आधी राजांच्या वेळचे कायदे, मग कविता, मग खोऱ्यातल्या घराण्यांच्या वंशावळी. प्रत्येक भागाच्या शेवटी एक ओळ — 'हे मी कैदेत लिहिलं', आणि तारीख. सत्त्याऐंशीव्या पानावर मिस्टर प्रोबर्टांचं घराणं आहे. थेट एका राजपुत्रापर्यंत, बावीस पिढ्या.

पण त्या पानाचा एक कोपरा सुटलाय. तिथं उजेड धरला. ह्यूच्या बाकी सगळ्या कागदात, कागद ज्यात बनवतात त्या साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. या कोपऱ्यात एकही नाही. असा बिनरेघांचा कागद निघायला ह्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षं जावी लागली. म्हणजे राजपुत्र मागाहून आला.

चिकटवलंय मात्र गव्हाच्या खळीनंच. बाबा जयंतीच्या पोस्टरांसाठी स्टोव्हवर करायचे तीच! मी ढवळायला असायचे.

१५ जानेवारी

स्कॅनला जाडी नसते.

मी मिशिगनला पीएचडी संपवत होते, तेव्हा मिस्टर प्रोबर्टांच्या फाउंडेशननं या पुस्तकाचे स्कॅन पाठवले होते. 'परीक्षा म्हणून पानांच्या वर्णनाची एक यादी करून द्या.' मी स्क्रीनवर बघून ठोकून दिलं — 'पान ८७, तेच हस्ताक्षर, तोच काळ.' खाली ऐटीत सही. नोकरी लागली, व्हिसा लागला. त्याच ओळीवर मिस्टर प्रोबर्टांना राजपुत्रांच्या वंशजांच्या मंडळात घेतलं. कागद हातात न धरता त्याच्या वयावर सही! पहिल्या वर्षाच्या पोरांना मी याच चुकीसाठी नापास करत होते.

१९ जानेवारी, रविवार

बाबांचा फोन. रविवारी सकाळी आठला, म्हणजे नागपूरला संध्याकाळचे साडेसात. एक रविवार चुकवत नाहीत.

"काय करून राहिली? जेवली का?" सकाळी आठला! मग नेहमीचं — "यंदा दसऱ्याला येऊन राहिली ना? दीक्षाभूमीवर सोबत जाऊ. मागच्या चार सालापासून तू नुसती हो म्हणून राहिली."

कशी येऊ? व्हिसाची मुदत तीस एप्रिलला संपते. एक्स्टेन्शनच्या अर्जावर मिस्टर प्रोबर्टांची सही लागते. तो झाल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं की बाहेरच. आणि वेल्श वाचणाऱ्या बाईला नागपुरात नोकरी कोण देणार? इथली गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा.

त्यांना पानाचं सांगितलं. सांगायला नको होतं. खूश होऊन म्हणाले, "मंग लिहून दे ना, चिकटवलं आहे म्हणून. त्याच्यात काय आहे?" त्याच्यात काय आहे!

बाबांना आमची वंशावळ आठवली असणार. स्कॉलरशिपसाठी जात पडताळणी, आणि तिच्यासाठी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर पाच पिढ्यांची नावं. बाबा फॅक्टरीतून रजा काढून पवनीजवळच्या गावी गेले, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची, नक्कल काढली. आजोबा सापडले, त्यांचे वडील सापडले. त्यांच्या वर नाव नव्हतंच — नुसती जात लिहिलेली. माणसाचं नाव लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. समितीतला क्लार्क म्हणाला, "रिकामं चालत नाही. टाका ना काहीतरी, कोण पाहाते?" बाबांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'माहीत नाही'. त्या दोन शब्दांपायी तीन महिने खेटे. स्कॉलरशिप चार दिवसांनी हुकता हुकता राहिली. मी तेव्हा त्यांच्यावर इतकी चिडले होते की आठवडाभर बोलले नव्हते.

२७ जानेवारी

पानाखालचे दोन शब्द लागले. एक 'रॉबर्ट'. प्रोबर्ट म्हणजे रॉबर्टचा मुलगा, आमच्याकडे बापाचं नाव मधे लावतात तसंच. तेव्हा हा मूळपुरुष. त्याच्यापुढे 'आल्तिद'.

आल्तिद ह्यूनं उतरवलेल्या कायद्यांत सापडतो. परमुलखातून आलेला माणूस. त्याला स्वतःचं असं काही नसतं, तो कुणातरी मालकाच्या नावावर असतो. मालकाला सोडून निघाला तर अर्धं सामान ठेवून जायचं. चार पिढ्या टिकला तर चौथीला जमिनीवर हक्क.

घरी आल्यावर प्रणिताताईला वाचून दाखवलं. इथं टेक्ससमध्ये, अर्विंगला, तिच्याच घरात मी खोली घेऊन राहते. ती पोळ्या लाटत होती. "अगं, हा तर आपला एच-वन व्हिसा!" आणि हसत सुटली. मीही हसले. मग लाटणं ठेवून म्हणाली, "यार उपासना, सही कर आणि मोकळी हो. वेल्श कुणाला येतं इथे? कोण बघणारे? तो म्हातारा खूश, तू सेट. दसऱ्याला तिकीट बुक कर." तिला वाईट म्हणवत नाही. तिचा स्वतःचा ग्रीन कार्डचा नंबर अकरा वर्षं अडकलाय.

३ फेब्रुवारी

आज मिस्टर प्रोबर्टांना सांगितलं.

ते पेअर कापत होते. रोज अर्धं मला देतात, आजही दिलं. ऐकून घेतलं. "आणखी कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, "या घरात कुणालाच नाही." मग बराच वेळ त्यांच्या आईबद्दल बोलत राहिले. पणजोबांनी पुस्तक पेनसिल्व्हेनियाहून टेक्ससला आणलं. आई दर रविवारी ते पान उघडून बावीस नावांवरून बोट फिरवायची. एक अक्षर वाचता येत नव्हतं तिला.

मग अगदी मायेनं म्हणाले, "ओपासना," — माझं नाव त्यांच्या तोंडी असंच — "तीन वर्षांपूर्वी तूच लिहिलंस की."

एक मार्चला, वेल्सचा संत सेंट डेव्हिड याच्या दिवशी, मोठं जेवण आहे. पुस्तक एका विद्यापीठाला द्यायचं, तिथं त्यांच्या नावाची खोली होणार, पुस्तक याच पानावर उघडं ठेवणार. त्याआधी मी केलेलं पानाचं वर्णन हवं, सहीसकट. टेबलावर काचेच्या गोळ्याखाली माझा एक्स्टेन्शनचा अर्ज होता. महिनाभर तिथंच आहे. "दोन्ही कागद एकदमच करून टाकू, नाही का?"

धमकी नव्हती. धमकी असती तर भांडले असते. मी पेअर खाल्लं!

६ फेब्रुवारी

झोप नाही. भूक नाही. राग आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

११ फेब्रुवारी

दोन मसुदे केले. एक खरा, एक सोयीचा. सोयीचा जास्त चांगला उतरलाय. भाषा कशी सरळ वाहते त्यात! खऱ्यात दर ओळीला 'माझ्या आधीच्या यादीतील चुकीमुळे' असं लिहावं लागतंय.

१७ फेब्रुवारी

मिस्टर प्रोबर्ट बाहेर गेले होते. कार्ड आज चाललं नाही, दार उघडेना. चाळीस मिनिटं आत. शेवटी साफसफाईच्या बाईंनी बाहेरून उघडलं. बाहेर आले तर ड्राइव्हवेवर ऊन, आणि मी चक्क रडायला लागले. त्या बाई काही न विचारता पाण्याची बाटली देऊन गेल्या.

ह्यूनं सहा वर्षं काढली. कुणाला खूश करायचं नव्हतं त्याला, एवढाच त्याचा फायदा.

२० फेब्रुवारी

खरा दिला.

उभ्याउभ्याच वाचला त्यांनी. "थँक यू, ओपासना." दार हळूच लावून गेले. अर्ज गोळ्याखालीच. घरी येताना हायवेवर चुकीची एक्झिट घेतली आणि पार फ्रिस्को गावापर्यंत जाऊन आले. तरी हलकं वाटतंय. बाबांना रविवारी सांगेन!

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. बाबांनी व्हिडिओवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शाब्बास." आणि कॅमेऱ्यापासून तोंड फिरवून चष्मा पुसत बसले.

२४ फेब्रुवारी

देवा! (आम्ही देव मानत नाही, पण आज दुसरं काही सुचलं नाही.)

सकाळी दहाला बोलावणं. खोलीत नाही, किचनमध्ये! ओट्यावर किटली खदखदतेय, लोण्याची सुरी हातात, आणि ह्यूचं पुस्तक पोळपाटासारखं समोर पसरलेलं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसानं वाफ देऊन वरचं पान स्वतः सोडवलं होतं. मी ओरडले — "ओलं आहे ते! हात लावू नका!" त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडले. टिपकागद आणले, दाबले, फुंकत बसले. शाई टिकली. ह्यूची शाई पक्की.

"वाच," म्हणाले.

वाचलं. 'रॉबर्ट, आल्तिद. बाप कोण, कुठला, ते कुणी सांगत नाही. त्याच्या नातवाला विचारलं, तोही माहीत नाही म्हणाला. म्हणून वरची जागा रिकामी सोडतो. हे मी कैदेत लिहिलं.' वर खरंच रिकामी जागा होती. चार बोटं.

स्टॅम्पपेपरवरचं बाबांचं अक्षर दिसायला लागलं.

"आल्तिद म्हणजे?" त्यांनी विचारलं. सांगितलं — परमुलखातला, मालकाच्या नावावर असलेला, चार पिढ्यांनंतर हक्क मिळणारा. ते बोटांवर मोजायला लागले. पणजोबा, आजोबा, वडील, स्वतः. मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझ्यासारखा होता तर."

"हो."

खुर्चीवर बसले. डोळे ओले होते, मी पाहिलं. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

सुटले! सुटले मी. हे पान असं उघडंच ठेवून विद्यापीठाला द्यायला काय हरकत आहे? राजपुत्रापेक्षा हा रॉबर्ट किती जवळचा!

२६ फेब्रुवारी

टेबलावर तीन गोष्टी. सोडवलेलं पान — सुकलेलं, इस्त्री केल्यासारखं सपाट. सोयीचा मसुदा. माझ्याच कॉम्प्युटरवरून काढलेला — कॉम्प्युटर फाउंडेशनचाच. आणि अर्ज.

अर्जावर सही झालेली! म्हणजे आणखी तीन वर्षं.

"आई त्या पानावर बोट ठेवून गेली," म्हणाले. "परत लाव. तुझ्याइतकं सफाईनं कुणाला जमणार नाही." अर्ज माझ्याकडे सरकवला नाही, उचललाही नाही. टेबलाच्या मधोमध राहू दिला. "परवापर्यंत."

खोलीत गेले. दार मागे आपोआप लागलं.

२७ फेब्रुवारी

प्रणिताताई म्हणाली, "दसऱ्याची तिकिटं आत्ता स्वस्त आहेत, बघून ठेवू?"

बघ म्हटलं. नुसतं बघायला काय जातंय.

२ मार्च, रविवार

चिकटवलं. परवा दुपारी, गव्हाच्या खळीनं. मसुद्यावर सहीही केली. खळ पातळ केली आहे — पाण्याचं नुसतं बोट लागलं तरी सुटेल.

सकाळी आठला बाबांचा फोन आला. पूर्ण वाजू दिला.