जुन्या सभागृहातील खुंटी क्रमांक सात मिळण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, जुन्नर, जि. पुणे.

अर्जदार : सारजाबाई धर्माजी भोर, रा. भोकरमळा, खोडदच्या शिवेलगत.

विषय : ग्रामपंचायतीचे जुने सभागृह 'ओसरी' दिवसकेंद्रास पुन्हा भाडेकराराने देण्याबाबत, ते न जमल्यास त्यातील खुंटी क्रमांक सात देण्याबाबत.

संदर्भ : भोकरमळा ग्रामसभा ठराव क्र. ९, दि. १५ ऑगस्ट २०२५.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नसल्याने ती सांगत आहे व तिची पुतणसून रुपाली लिहून घेत आहे.

१. अर्जदाराचा मुलगा जानकू चाळीस वर्षांचा असून त्याची समज चार वर्षांच्या लेकराची आहे. अठरानंतर त्याला कोणत्याही शाळेने ठेवून घेतले नाही. अर्जदार लोकांच्या मळ्यात खुरपणीला जाते. चहूकडे ऊस, उसात बिबट्या. पोरगं मोकळं सोडता येत नाही. म्हणून कामाला जाताना ती त्याला गोठ्यातल्या मेढीला दाव्याने बांधून जात असे. दावं लांब ठेवी, पाण्याच्या तांब्यापर्यंत पोचेल इतकं. हे अर्जात नको, असे रुपालीचे म्हणणे पडले. अर्जदाराने ठेवावयास लावले.

२. सन २०२२ मध्ये 'ओसरी' या सेवाभावी संस्थेने ग्रामपंचायतीचे जुने सभागृह अकरा महिन्यांच्या कराराने नाममात्र भाड्यावर घेतले. पुढे करार दरवर्षी नवा होत गेला. तेथे अशा मोठ्या माणसांसाठी दहा ते चार केंद्र चाले. नऊजण येत, कागदी पिशव्या व फुलवाती करीत. भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी होती. जानकूची सातवी. तो सातपर्यंत मोजायला तेथेच शिकला, कारण दारापासून मोजत गेल्याशिवाय त्याला आपली खुंटी सापडत नसे. डब्याची पिशवी अडकवली की टाळी वाजवी आणि "माजी!" म्हणे. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने माझी म्हटलेली ती पहिली वस्तू.

३. मळ्यात काम नसेल त्या दिवशी अर्जदार त्याच्याशेजारी जाऊन बसे. केंद्रातल्या बाईंनी तिच्याही हाती पेन्सिल दिली. वर्षभरात तिला स्वतःची सही येऊ लागली. बाकी अक्षर एक येत नाही, पण सही येते. चुलीपुढच्या राखेत बोटाने करून तिने ती शेजारणींना दाखवली.

४. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकल्यावर ग्रामपंचायतीचे शिपाई गेणभाऊ वही घेऊन दारात आले. म्हणाले, "आक्का, कोरम भरंना. तू आता सहीवाली बाई, तुझ्यापास्नंच सुरू करतो. सायबीण झाली राव आमची आक्का!" अर्जदाराने विचारले, "कशाची रं सही?" ते म्हणाले, "हजेरीची. आन् कशाची आसती?" वरचं पान कोरं होतं. ज्या ग्रामपंचायतीने आपल्या लेकराला जागा दिली तिचे काम अडू नये, म्हणून अर्जदाराने सही केली. सरकारी कागदावर केलेली ती तिची पहिली सही. तेवढ्यावर ती थांबली नाही. वही काखोटीला मारून मळ्यामळ्याने फिरली आणि एकतीस बायकांच्या सह्या व अंगठे आणून दिले. मागाहून त्या कोऱ्या पानावर ठराव क्र. ९ लिहिला गेला, की केंद्राचा करार पुढे न वाढवता सभागृह व्यायामशाळेस द्यावे. अर्जदार जाब विचारायला गेली तेव्हा सरपंचांनी वही उघडून तिच्यापुढे धरली. "आक्का, पयली सही तुमचीच हाय की." होती. सुरेख आली होती.

५. चार महिने झाले, व्यायामशाळेचे एक वजनसुद्धा आलेले नाही. दाराला कुलूप आहे. जानकू रोज सकाळी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा राहतो. सांगून पटत नाही, म्हणून अर्जदार त्याला नेऊन कुलूप दाखवते. खिडकीच्या गजांतून खुंट्या दिसतात. तो सातपर्यंत मोजतो. मग घरी परततात. पूर्वी दावं पाहिलं की तो रडून आकांत करी. आता तो स्वतःच गोठ्यातून दावं आणून आईच्या हातात देतो आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहतो.

६. अर्जदाराचे वय अडुसष्ट आहे.

७. जानकूला सातच्या पुढे येत नाही, म्हणून मागणे याच मुद्द्यात मांडते. सभागृह केंद्रास परत द्यावे. ते होत नसेल तर दिवसा केंद्र व संध्याकाळी व्यायाम, असे वाटून द्यावे. तेही नसेल तर नुसती खुंटी क्रमांक सात अर्जदारास अकरा महिन्यांच्या कराराने द्यावी. खोली नको, पंखा नको, वीज नको. गेणभाऊंनी दहा वाजता कुलूप काढून त्याला पिशवी अडकवू द्यावी व चार वाजता काढू द्यावी. मधले सहा तास अर्जदार त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसेल. खुरपणी बुडाली तर बुडू दे. दावं बरोबर आणणार नाही.

उत्तर येईपर्यंत रोज दहा वाजता त्या दाराशी येणारी,
आपली नम्र,
सारजाबाई धर्माजी भोर
भोकरमळा, दि. २२ डिसेंबर २०२५

सोबत : जानकूचे दिव्यांग प्रमाणपत्र, संपलेल्या कराराची प्रत, ठराव क्र. ९ व सह्यांच्या पानाची प्रत (पहिली सही पाहावी).

टीप : अर्जदारास सही येते. ती यापुढे कोणत्याही कागदावर करणार नाही. कृपया अंगठा चालवून घ्यावा.

(अंगठ्याची निशाणी)